दंडाला कोण घाबरतो? कारखाने पर्यावरणाचे नियम का पाळतात, यावर चर्चा

अजनीकर (धागालेखक)

नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्याच्या लेखा विभागात मी बावीस वर्षे काढली आणि गेल्या दिवाळीत निवृत्त झालो. परवा सकाळी फुटाळा तलावावर फिरताना सोबतच्या एका तरुण मित्राने ठासून सांगितले की सरकारने दंड दहापट केला की प्रदूषण आपसूक थांबेल. चालताना मला दम लागतो, त्यामुळे तिथे उत्तर देता आले नाही. म्हणून इथे लिहितो.

माझे म्हणणे असे की कारखानदार दंडाला घाबरत नाही, तो काम थांबण्याला घाबरतो. आमच्या खतावणीत दंडाच्या शीर्षाखाली बावीस वर्षांत एकही मोठी नोंद पडली नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद होती, परंतु त्यासाठी न्यायालयात खटला उभा राहून निकालापर्यंत जायला हवा, आणि त्या वाटेला किती वर्षे लागतात हे सर्वांनाच ठाऊक होते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने नियमभंगासाठीची ती कैद काढली, दंड दहा हजार ते पंधरा लाख रुपये असा केला आणि तो ठरवण्याचे काम न्यायालयाकडून काढून निर्णय अधिकाऱ्याकडे दिले. पंधरा लाख ऐकायला मोठे वाटतात. पण आमच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाच्या, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचे वर्षाचे वीजबिलच त्याच्या आसपास जात असे. निव्वळ आकडेमोड केली असती, तर ब्लोअर बंद ठेवून दंड भरणे आम्हाला परवडले असते. तरीही ब्लोअर चालत होता.

तो का चालत होता, हे मला एका मार्च महिन्यात कळले. कारखाना चालवायला प्रदूषण मंडळ जे संमतीपत्र देते, त्याची मुदत संपत आली होती, नूतनीकरणाचा अर्ज अडकला होता आणि बँकेने खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी त्याच संमतीपत्राची प्रत मागितली होती. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून तीन प्रश्न विचारले : नियम पाळू म्हणून मंडळाकडे ठेवलेली बँक हमी किती रुपयांची आहे, ती जप्त झाली तर कोणत्या खात्यातून जाईल, आणि वीज तुटली तर भट्टीत चढलेल्या मालाचे काय होईल. बाहेर सोडलेल्या पाण्याचा सीओडी (पाणी किती दूषित आहे, याचे एक माप) किती येतो, हे त्यांनी विचारले नाही. जल कायद्याच्या कलम ३३-अ आणि वायू कायद्याच्या कलम ३१-अ नुसार मंडळ कोर्टाची पायरी न चढता कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. मालकांच्या टेबलाच्या काचेखाली देवाच्या तसबिरीशेजारी संमतीपत्राच्या पहिल्या पानाची छायाप्रत होती, यावरून काय ते समजावे.

विन्स्टन हॅरिंग्टन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९८८ मध्ये हाच पेच मांडला होता : तपासणी क्वचित होते, दंड नगण्य असतो, तरीही बहुतेक कारखाने बहुतेक वेळा नियम पाळतात. त्याचे उत्तर असे की एकदा सापडलेला कारखाना नजरेत भरतो आणि पुढे त्याचीच वारंवार झडती होते. दंडापेक्षा अशा नजरेतल्या कारखान्यांच्या यादीत जाणे महाग पडते. आपली मते वाचायला आवडतील.

कोराडी रोड

अजनीकर काका, आपला अनुभव खोटा नाही, पण तो अशा कारखान्याचा आहे ज्याची वीज तोडता येते. आपल्या नागपूरच्या उत्तरेला कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राचे जे मोठे धुराडे उभे आहे, तिथे हे गणित लावून पाहा. वीज तयार करणाऱ्याची वीज कोण तोडणार?

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांसाठी गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, धूलिकण व पारा यांच्या नव्या मर्यादा लागू केल्या आणि त्यासाठी दोन वर्षे दिली. २०१७ संपले, मुदत २०२२ वर गेली. मग केंद्रांचे अ, ब, क असे गट पाडले गेले आणि प्रत्येक गटाला वेगळी तारीख मिळाली, त्या तारखाही पुढे सरकल्या. शेवटी जुलै २०२५ मध्ये देशातील सुमारे ७८ टक्के क्षमतेला एफजीडी, म्हणजे धुरातील गंधकाचा वायू चुनखडीने शोषून घेणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट देण्यात आली. या दहा वर्षांत ज्यांनी काहीच केले नाही ते शहाणे ठरले, आणि ज्यांनी वेळेत निविदा काढल्या त्यांचा पैसा अडकून बसला. पालन स्वस्त असते तेव्हा कारखाना बदलतो आणि महाग असते तेव्हा नियम बदलतो, असा माझा निष्कर्ष आहे.

राखेचेही तेच आहे. वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १९९९ ची आहे. त्यानंतर तेवीस वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत शिरले, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. वापर न झालेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये भरपाई आकारण्याची तरतूद यायला डिसेंबर २०२१ उजाडावे लागले. तेव्हा आपण ज्याला हिणवत आहात त्या दंडाला मी इतक्यात निकालात काढणार नाही. टनावारी आकारलेला दंड हा दंड राहत नाही, तो कच्च्या मालासारखा खर्च होतो, आणि खर्च लेखा विभागाला लगेच दिसतो. हे आपल्याला मी सांगायला नको.

नमुना बाटली

मी बुटीबोरीतील एका कारखान्यात पर्यावरण विभाग सांभाळतो. नोकरीचा प्रश्न असल्याने याहून अधिक ओळख देत नाही.

आधी कोराडी रोड यांच्या एका मुद्द्याला हरकत नोंदवतो. एफजीडीची सूट ही केवळ शरणागती होती, असे म्हणणे एकांगी आहे. भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण कमी असते आणि हवेतील त्या वायूची पातळी बहुतेक ठिकाणी मर्यादेच्या आत आहे, असा युक्तिवाद त्यामागे होता, आणि ज्या अभ्यासांचा आधार घेतला गेला त्यांत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचाही होता. त्या अभ्यासांशी मतभेद असू शकतात. गंधकाच्या वायूपासून हवेत पुढे सूक्ष्म कण तयार होतात, हे मला स्वतःला अधिक काळजीचे वाटते. परंतु चुकीचा वाटणारा नियम मागे घेणे आणि बरोबर असलेला नियम न पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना ही सूट नाही, त्यांना २०२७ अखेरपर्यंत यंत्रणा बसवायची आहे.

आता मूळ प्रश्न. अजनीकर सरांनी 'पाळतात' हा शब्द फार सहज वापरला आहे. कारखाना नियम पाळतो की नियम पाळल्याचा कागद तयार करतो? गुजरातमध्ये २००९ ते २०११ या काळात ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग झाला. तिथे प्रदूषणाचा लेखापरीक्षक कारखानाच निवडत असे आणि त्याला पैसेही कारखानाच देत असे. अहवालांतले आकडे मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने बसलेले आढळले, जणू सगळ्या धुराड्यांनी आपसांत ठरवून घेतले होते. मग काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखा नेमून दिला, त्याचे मानधन एका सामाईक निधीतून दिले आणि त्याच्या काही नोंदी दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेतल्या. अहवाल खरे येऊ लागले आणि त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. दंडाची रक्कम होती तीच होती.

याची घरगुती आवृत्ती मी पाहिलेली आहे. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषणकारी अशा सतरा प्रकारच्या उद्योगांना चोवीस तास मोजमाप करून आकडे थेट मंडळाला पाठवणारी यंत्रे बसवायला सांगितले. माझ्या आधीच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात मी सांडपाण्याच्या शेवटच्या कुंडाजवळ गेलो, तेव्हा मोजणीचा प्रोब कुंडात नव्हता, शेजारी ठेवलेल्या निळ्या बादलीत होता आणि बादलीत नळाचे पाणी होते. मंडळाच्या पडद्यावर त्या कुंडाचे पाणी पिण्यालायक दिसत असावे. मी प्रोब उचलून कुंडात सोडला आणि दुपारपर्यंत मला तीन जणांचे फोन आले. दंड वाढवा अथवा वीज तोडा. मोजणारा माणूस कोणाचा पगार घेतो, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे.

छोटा कारखानदार

सर्व मान्यवरांनी मोठ्यांबद्दल लिहिले. माझा इलेक्ट्रोप्लेटिंगचा, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा चढवण्याचा, व्यवसाय आहे, आठ कामगार आहेत आणि पर्यावरण अधिकारीही मीच आहे. आपणा तिघांनाही असे वाटते की कारखानदार नियम जाणतो आणि मग पाळायचा की नाही ते ठरवतो. मला पहिली सहा वर्षे नियम समजलाच नव्हता.

माझ्या संमतीपत्रात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमचा विषारी प्रकार) प्रति लिटर जास्तीत जास्त ०.१ मिलिग्रॅम असे लिहिलेले होते. ते वाचून मी फाइल बंद केली होती, कारण हा आकडा गाठायचा कसा हे त्या पानावर नव्हते आणि विचारायला गेलो तर सल्लागाराने यंत्राचेच दरपत्रक हातात दिले. पुढे शेजारच्या गाळ्यातल्या मित्राने एका रविवारी येऊन दाखवले. धुण्याचे पाणी आधी आम्ल करायचे, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचे, ढवळत राहायचे. पिवळे पाणी डोळ्यांदेखत हिरवट होते, आणि मग चुना टाकला की गाळ खाली बसतो. दोन ड्रम आणि एक मोटर, बस्स. शिवाय पहिल्या धुण्याचे पाणी पुन्हा टाकीत घेतले की क्रोमचा खर्चही वाचतो, हे त्यानेच सांगितले. त्या दिवसापासून मी नियम पाळतो. मला कोणी धमकी दिली नव्हती. गाळ मात्र अधिकृत ठिकाणीच पाठवावा लागतो आणि त्याची गाडी आठ गाळ्यांचा माल जमल्याशिवाय येत नाही, ही अडचण अजूनही कायम आहे.

गावाकडची

मी वीजकेंद्राच्या अंगाला असलेल्या एका गावात राहते, कोणत्या केंद्राच्या ते सांगत नाही. चैत्रात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर करडा थर बसतो, म्हणून आमच्या आळीत गेली काही वर्षे वाळवण जुन्या साड्यांखाली झाकून घालतात. आपण सगळे कायद्याबद्दल बोलत आहात. माझे निरीक्षण एवढेच आहे की राखेच्या रस्त्यावर पाणी मारणारा टँकर ज्या आठवड्यात बायकांनी फाटकासमोर रस्ता अडवला, त्याच आठवड्यात नियमित आला. पुढे तो पुन्हा एक दिवसाआड झाला, आणि आम्ही जाऊन बसलो की पुन्हा रोज. त्या टँकरचा नियमही कुठल्या तरी संमतीपत्रात लिहिलेला असेलच.

अजनीकर (धागालेखक)

ताई, आपण लिहिलेले वाचून माझ्या मांडणीत एक दुरुस्ती करतो : काम थांबवण्याची ताकद फक्त मंडळाकडे असते, असे मी गृहीत धरले होते. फाटकासमोर बसलेल्या बायकांकडेही तीच ताकद आहे. छोटे कारखानदार यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मी मोठ्या कारखान्याच्या खुर्चीवरून पाहत होतो आणि तिथे सल्लागार आपणहून येतात. बादलीबद्दल मात्र असे म्हणेन की बादली ठेवावी लागली, याचाच अर्थ पडद्याची भीती होती.

कोराडी रोड यांना एक उदाहरण देतो. भांडेवाडीला शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याचा महापालिका आणि महानिर्मिती (राज्याची वीजनिर्मिती कंपनी) यांच्यातला करार, दररोज तेरा कोटी लिटरचा, हा कोणत्याही सक्तीपूर्वीचा आहे. सांडपाणी प्रकल्पापासून पन्नास किलोमीटरच्या आतील वीजकेंद्रांनी तेच पाणी वापरावे, ही अट २०१६ च्या वीजदर धोरणात आली. म्हणजे महाग असूनही पालन झाले, आणि तेही नियमाच्या आधी.

कोराडी रोड

काका, ते पालन नव्हते, ती तहान होती. पेंच धरणाच्या पाण्यावर शहर, शेती आणि वीज असे तिघे वाटेकरी असताना वीजनिर्मितीचे संच थांबू नयेत म्हणून दुसरे पाणी शोधणे भागच होते. आपल्याच सिद्धान्तात ते चपखल बसते, त्यामुळे तो मुद्दा मी आपल्याला देऊन टाकतो. पण गंधकाचा वायू बाहेर गेल्याने कोणताही संच थांबत नाही, आणि तिथे ताईंच्या गावाला अडवण्यासाठी फाटकही नाही, कारण तो वायू दिसत नाही आणि कुरडईवर बसत नाही. नमुना बाटली यांनी २०२७ ची मुदत सांगितली आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरात हा धागा मी पुन्हा वर काढीन. तोवर यंत्रणा उभी राहिली नसेल, तर वीज कोणाची तोडायची ते आपण लिहा.