जुनं फिलिंग अख्खं काढायलाच हवं का?

फिलिंगची कड तुटली की ते अख्खं काढून नवं भरणं हेच खरं काम, दुरुस्ती म्हणजे निव्वळ ठिगळ, असं काही जण म्हणतात. पूर्वी कॉलेजातही हेच शिकवायचे; आता बऱ्याच डेंटल कॉलेजांत दुरुस्तीही शिकवतात. कारण साधं आहे. दाताच्या रंगाचं कंपोझिट (रेझिनचं फिलिंग) काढताना ते कुठे संपतं नि दात कुठे सुरू होतो, हे ड्रिलखाली नीट कळत नाही. त्यामुळे दर खेपेला थोडा चांगला दातही जातो.

पण जुन्यावर नवं नुसतं थापलं तर टिकत नाही, हा मुद्दाही लक्षात घ्यायला हवा. ताज्या कंपोझिटवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे अर्धवट घट्ट झालेला चिकट पापुद्रा असतो, पुढचा थर त्याला धरतो. वर्षानुवर्षं वापरलेल्या फिलिंगवर तो कुठून असणार? म्हणून आधी पृष्ठभाग बरने (ड्रिलच्या टोकाने) किंवा 50 मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाच्या बारीक पुडीच्या झोताने खरबरीत करायचा, फॉस्फोरिक अ‍ॅसिडने साफ करायचा, मग बाँडिंग, म्हणजे चिकटवणारा थर लावायचा. हे विद्यार्थ्यांना हाताने करून बघितल्याशिवाय जमत नाही. नुसतं व्याख्यानात उरकण्यात काही अर्थ नाही. अर्थात फिलिंगखाली कीड पसरलेली असेल तर दुरुस्तीचा हट्ट नको, ते काढायचंच.