जर्मनीत गेलेल्या मुलांचा ऑनलाइन तास: नेमकं काय घ्यावं?

घणसोलीकर_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. मी नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमची तिसऱ्या वर्षाची काही मुलं या सत्रासाठी जर्मनीत आहेत. विषय तिकडचे प्राध्यापक शिकवतात. माझ्याकडे आठवड्याला एक ऑनलाइन तास आहे. वेगळ्या रीतीभातीच्या लोकांबरोबर काम करणं मुलांना जमावं, हा त्याचा हेतू.

निघण्याआधी शिबिर झालं होतं: वेळ पाळा, रात्री १० नंतर आवाज नको, कचरा वेगळा करा. हे सगळं मुलं नीट पाळतात. अडतंय भलतीकडेच. एकाने गटापुढे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं डिझाइन मांडलं. गटातली जर्मन मुलगी म्हणाली, "बेअरिंग चुकीचं निवडलंय, हे चालणार नाही," आणि पुढच्या मुद्द्यावर गेली. याने ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढच्या बैठकीत तोंडच उघडलं नाही. तो गप्प म्हणून तिने त्याच्या वाट्याचं ड्रॉइंग स्वतःकडे घेतलं. आता याला वाटतं आपल्याला बाजूला काढलं, आणि तिला बहुतेक वाटत असेल की याला कामात रसच नाही.

संध्याकाळी सगळे एका खोलीत जमतात, खिचडी टाकतात, बोलणं मराठी-हिंदीत. माझ्या तासाला कॅमेरे बंद. स्लाइड संपली की "येस मॅम". मुलं गुणी आहेत, काहींच्या आईवडिलांनी कर्ज काढून पाठवलंय. त्यांचे हे महिने असे चाललेले मला बघवत नाहीत. असा तास कुणी घेतलाय का, किंवा त्यात बसलंय का? वेळेचंही सुचवा. तिकडचे संध्याकाळचे ६ म्हणजे आमचे रात्रीचे ९.३० व्हायचे. ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे गेली, तेव्हापासून १०.३० होतात.

महापे_डिझाइनवाला
मॅडम, मी जर्मनीतल्याच आखेनला मास्टर्स केलं. पहिल्या सत्रात माझंही अगदी हेच झालं होतं. त्या मुलाला सांगा, तिला गाठून विचार: कुठलं बेअरिंग हवं होतं आणि का? हेलिकल, म्हणजे तिरप्या दातांचा गिअर असेल तर अक्षीय भार, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ढकलणारा जोर, येणारच, तो धरायचा राहिला असेल. असा प्रश्न विचारला की ती मंडळी कॅटलॉग काढून तासभर बसतात. तुमच्या डिझाइनवर बोलणं म्हणजे तुम्हाला गंभीरपणे घेणं, असं त्यांच्याकडे असतं. हे मला फार उशिरा कळलं, कारण सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही आहात, ही मोठी गोष्ट आहे.

वेळ रविवारी ठेवा, तिकडचे दुपारचे २. रविवारी दुकानं बंद असतात, मुलं खोलीवरच सापडतील. आपल्याकडे तेव्हा ६.३० वाजलेले असतील.

नौपाड्याची_निवृत्त_शिक्षिका
स्लाइड पूर्ण बंद करा. प्रत्येकाने आठवड्यातला एकच प्रसंग लिहून आणायचा, तीन टप्प्यांत. आधी फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं. मग त्याचे निदान दोन-तीन अर्थ. बरं-वाईट सगळ्यात शेवटी. आपली मुलं पहिल्या टप्प्यातच "ती उद्धट आहे" लिहितात. तिथे थांबवायचं आणि विचारायचं: हे दिसलं, की तुला वाटलं? त्या शाफ्टच्या प्रसंगात दिसलं ते एवढंच, की मुलगी एक वाक्य बोलली आणि पुढे गेली. बाकी सगळं त्याने मनात रचलं. ही सवय लागायला महिना-दीड महिना जातो, धीर धरा.

परदेशात नुसतं राहून हे आपोआप येत नाही. मायकेल व्हँडे बर्ग आणि सहकाऱ्यांनी परदेशी गेलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. वरचेवर भेटून अनुभवावर बोलणारा मार्गदर्शक ज्यांना तिथे होता, त्यांची समज जास्त वाढली. अमेरिकेतल्या बेलारमाइन आणि विलामेट या विद्यापीठांनी तर मुलं परदेशात असतानाच असा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवला, वेगवेगळ्या देशांत गेलेल्यांना एका गटात घेऊन.

आणि देशोदेशींच्या संस्कृतींची आकड्यांत तुलना करणारे हॉफस्टेड यांचे देशवार आकडे मुलांच्या हाती देऊ नका. मूळ आकडे १९६७ ते १९७३ च्या सुमाराचे, आयबीएमच्या कर्मचाऱ्यांचे. देशाची सरासरी शेजारच्या खोलीतल्या माणसाला चिकटवली की मुलं त्याच्याकडे बघायचीच थांबतात.

खारघर_पालक
माझं मत वेगळं आहे. मुलगी दोन वर्षं तिकडे आहे. दर आठवड्याला घरच्या मॅडमसमोर मराठीत बसवलं तर मुलं आणखी आपल्यातच राहतील. तोच तास जर्मन शिकण्यात जाऊ दे.

घणसोलीकर_मेकॅनिकल
सगळ्यांचे मनापासून आभार. खारघरकर, तुमची भीती खरी आहे, म्हणून तासाआधी एक काम देणार आहे आणि ते आपल्या मुलांना विचारून पुरं होणारच नाही. उदाहरणार्थ, लॅबमधल्या तंत्रज्ञाला विचारायचं की नवीन आलेल्या माणसाला मशीनला हात लावायला कधी देता आणि तोपर्यंत त्याच्यात काय बघता. किंवा स्वयंपाकघरातलं सफाईचं वेळापत्रक कुणी ठरवलं, आणि कुणी पाळी चुकवली तर काय करतात. जर्मनचा वर्ग त्यांना तिकडे आहेच, तो मी मोडणार नाही. पण शाफ्टवाला मुलगा गप्प बसला त्याचं कारण भाषा नव्हती, गटाचं काम इंग्रजीतच चालतं.

रविवारची वेळ पक्की करते. बाई, एकच विचारायचंय: या लिखाणाला गुण द्यावेत का? कॉलेजला गुणपत्रक हवंय.

नौपाड्याची_निवृत्त_शिक्षिका
लिहून आणलं आणि तीन टप्पे वेगळे ठेवले, एवढ्याला द्या. काय वाटलं याला गुण देऊ नका, नाहीतर तुम्हाला आवडेल तेच लिहून आणतील. तासाचं रेकॉर्डिंगही नको. खोलीतल्या सोबत्याबद्दल, प्राध्यापकांबद्दल मोकळं बोलायचं असतं त्यांना. गट मोठा असेल तर दोन करा, एका तासात पाच-सहा प्रसंगांपेक्षा जास्त होत नाहीत.