मदत हवी आहे: मुलगा संगणकावर परस्पर सॉफ्टवेअर टाकतो, ते कसे थांबवावे?

खानापूरवाला: माझा मुलगा नववीत आहे. घरातील संगणकावर तो मला न विचारता गेम आणि कुठली कुठली सॉफ्टवेअर उतरवून घेतो. गेल्या महिन्यात त्यापायी संगणक दोनदा दुरुस्तीसाठी बेळगावला न्यावा लागला आणि प्रत्येक वेळी माझे तीन-चार दिवसांचे काम बुडाले. पॅरेंटल कंट्रोल चालू केले आहे, तरीही काही उपयोग होत नाही. कृपया नेमका उपाय सांगावा. मुलाला समजावून सांगण्याचे सर्व प्रयत्न झाले आहेत, त्यामुळे तो सल्ला नको.

मलप्रभाकाठ: विंडोजची कोणती आवृत्ती आहे? मुलाचे खाते वेगळे आहे, की सगळे एकच खाते वापरता? पॅरेंटल कंट्रोल म्हणजे नेमके काय चालू केले आहे? आणि सॉफ्टवेअर टाकताना पडद्यावर फक्त ‘येस’ व ‘नो’ असे विचारले जाते, की पासवर्ड मागितला जातो? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे.

निपाणीची ताई: आमच्याकडे मुलीच्या मोबाइलवर गूगलचे फॅमिली लिंक घातले आहे. नवीन अ‍ॅप घ्यायचे झाले की परवानगीची विनंती माझ्या फोनवर येते आणि मी होकार दिल्याशिवाय ते उतरत नाही. आपणही तेच करावे.

खानापूरवाला: ताई, मी संगणकाविषयी विचारले आहे, मुलाकडे मोबाइल नाही. मलप्रभाकाठ, विंडोज १० आहे. खाते वेगळे आहे. मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीमध्ये त्याचे वय घालून ठेवले आहे. आता तरी उपाय सांगा.

चिकोडीचा संगणकप्रेमी: विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा त्यातच गुंतून राहण्यात अर्थ नाही. विंडोजऐवजी सरळ उबुंटू ही दुसरी संगणकप्रणाली टाका. मुलाच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार दिले नाहीत, तर पासवर्डशिवाय त्याला संपूर्ण यंत्रणेत काहीही बसवता येणार नाही. मी पाच वर्षे घरी हेच वापरतो आहे.

मलप्रभाकाठ: काका, अधिकार काढून घेण्याची सोय विंडोजमध्येही आहे, आणि उबुंटूवरही मुलाला स्वतःच्या फोल्डरमध्ये आणून चालवता येतील अशा फाइली असतातच. धागाकर्त्याने माझ्या मुख्य प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही.

खानापूरवाला: उबुंटू मला चालणार नाही. मी ग्रामपंचायतीच्या कामाचे कन्नड मसुदे घरी बसून ‘नुडी’मध्ये टंकलिखित करतो आणि माझ्याकडचे नुडी विंडोजवरचे आहे. आपला प्रश्न मी आता तपासून पाहिला. मुलाच्या खात्यात फक्त ‘येस’ आणि ‘नो’ येते. नुडी त्याच्याही खात्यात हवे होते, कारण कधी कधी तोच मला मसुदे टाइप करून देतो. ते बसवताना अडचण आली, म्हणून दुकानातल्या मुलाने त्याचे खाते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून दिले होते.

हुक्केरीकर: जुन्या नुडीतला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की वाचता येत नाही. आपण युनिकोडमध्येच टाइप करावे, असे मी सुचवेन.

मलप्रभाकाठ: तो वेगळा विषय आहे. मूळ दोष सापडला. ज्याच्याकडे प्रशासकाचे अधिकार आहेत, त्याला विंडोज केवळ ‘येस’ दाबायला सांगते. साध्या खात्याला मात्र प्रशासकाचा पासवर्ड द्यावा लागतो. प्रथम आपले स्वतःचे खाते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ आहे आणि त्याला मुलाला ठाऊक नसलेला पासवर्ड आहे, याची खात्री करा. मग आपल्या खात्यातून सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’ येथे जाऊन मुलाचे खाते ‘स्टँडर्ड यूजर’ करा. बसवलेले नुडी त्यामुळे जाणार नाही.

परंतु एवढ्यावर थांबू नका. रोब्लॉक्स आणि डिस्कॉर्ड यांसारखी सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतात आणि त्यांना प्रशासकाचा पासवर्ड मुळीच लागत नाही. नेमकी हीच वाट मुले शोधून काढतात. त्यासाठी ‘अ‍ॅप्स अँड फीचर्स’मध्ये सर्वांत वर, अ‍ॅप कुठून घ्यावे याची जी निवड आहे, ती ‘मायक्रोसॉफ्ट स्टोअर ओन्ली’ अशी करा.

निपाणीची ताई: ती निवड आमच्याकडे केलेली आहे. तरीही माझ्या पुतण्याने मित्राच्या पेन ड्राइव्हवरून आणलेला गेम चालला. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल मात्र अडली.

मलप्रभाकाठ: ताईंचे म्हणणे बरोबर आहे, ही निवड मुख्यतः इंटरनेटवरून आलेल्या फाइलींना अडवते. उरलेल्यांसाठी फॅमिली सेफ्टी उपयोगी पडते. मुलाने चालवलेले सॉफ्टवेअर तिच्या यादीत दिसले की ते तिथूनच बंद करता येते. पण त्यासाठी मुलाने संगणकात त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानेच शिरले पाहिजे. आपण वय घातले, ते स्टोअरमधील अ‍ॅपना लागू होते. बाहेरून आणलेल्या गेमला वयाची अट कळत नाही. म्हणूनच आपल्याला उपयोग झाला नाही.

चिकोडीचा संगणकप्रेमी: आणि उद्या त्याने पेन ड्राइव्हवरून दुसरीच प्रणाली सुरू केली, तर?

मलप्रभाकाठ: त्यासाठी बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड घालावा. ही शंका रास्त आहे.

खानापूरवाला: खाते ‘स्टँडर्ड’ केले. पासवर्ड बदलला, स्टोअरची निवडही केली. मुलाने संध्याकाळी एक गेम बसवून पाहिला, तो अडला. नुडी दोघांच्याही खात्यात नीट चालते. परंतु पूर्वी बसवलेले दोन गेम अजून तसेच उघडतात.

मलप्रभाकाठ: ते त्याच्या फोल्डरमध्ये आधीच बसलेले असावेत, नवी बंधने त्यांना हात लावत नाहीत. मुलाला शेजारी बसवून त्याच्याच खात्यातून ते काढून टाका. आपल्या खात्यातील यादीत ते कदाचित दिसणारही नाहीत.

खानापूरवाला: काढले. दोन नव्हते, पाच निघाले.