सोडियम लहान असून पोटॅशियम चॅनलमधून का जात नाही? (आणि सोबत चॅट चालू ठेवून अभ्यास होतो का?)

अर्धवट_नोट्स:
फिजिओलॉजीचा पेपर तोंडावर आलाय आणि पोटॅशियम चॅनल (पेशीच्या पडद्यातली प्रोटीनची वाट, जिच्यातून पोटॅशियम जातं) काही केल्या डोक्यात शिरत नाहीये. तीच दोन पानं परत परत वाचतोय, हायलायटरने अख्खं पान पिवळं झालंय, वाचताना सगळं कळतं आणि पुस्तक मिटलं की पाटी कोरी. मेन डाउट हा की सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान, मग मोठा जातो आणि लहान अडतो हे कसं काय? बाजूला ग्रुपवर चॅट चालू असतं, मला तरी वाटतं दोन्ही जमतं, रूममेट म्हणतो मल्टिटास्किंग वगैरे सगळं थोतांड आहे.

आयनवाला:
चॅनल म्हणजे चाळणी हे आधी डोक्यातून काढ. आयनला (म्हणजे विद्युतभार असलेला अणू, इथे सोडियम किंवा पोटॅशियम) पाण्याचे रेणू चिकटलेले असतात, फिल्टरमध्ये (चॅनलचा सगळ्यात अरुंद भाग) शिरायचं तर ते सोडावे लागतात आणि त्याला एनर्जी लागते. आत प्रोटीनचेच ऑक्सिजन अणू (कार्बोनिल ऑक्सिजन) अशा अंतरावर बसलेत की पोटॅशियमला ते पाण्यासारखेच धरून ठेवतात, म्हणजे गेलेली एनर्जी भरून निघते. सोडियमची त्रिज्या 0.95 अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची 1.33, त्यामुळे सोडियम त्या ऑक्सिजनच्या पकडीत नीट बसतच नाही आणि पाणी सोडणं त्याला परवडत नाही. रॉडरिक मॅकिनन या शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये एका बॅक्टेरियातल्या चॅनलची रचना एक्स-रे क्रिस्टलोग्राफीने काढली तेव्हा हे डोळ्यांना दिसलं, 2003 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यातच (अर्धं पीटर आग्रे यांना, पाण्याच्या चॅनलसाठी).

रात्रपाळी:
रूममेट बऱ्यापैकी बरोबर बोलतोय. चालता चालता गप्पा होतात, पण चॅट आणि वाचन दोन्हीला भाषाच लागते, मग मेंदू नुसता इकडून तिकडे उड्या मारतो. रॉजर्स आणि मॉन्सेल यांचा 1995 चा पेपर बघ, काम कधी बदलणार हे आधीपासून माहीत असूनही बदलल्यावरचं पहिलं उत्तर उशिराच येतं. आणि हायलायटर फेकून दे बाबा. रोडिगर आणि कार्पिकी, 2006: पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्यानंतर घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. तुझा पेपर पाच मिनिटांनी आहे का?

शंकेखोर:
आता कोणीतरी स्टॅनफर्डचा 2009 चा अभ्यास आणणारच म्हणून आधीच सांगतो, त्यात जास्त मीडिया मल्टिटास्किंग करणाऱ्यांचं लक्ष लवकर विचलित होतं असं दिसलं, पण सवयीमुळे तसं झालं की मुळात तशीच माणसं ती सवय लावून घेतात हे त्यातून कळत नाही. नंतरच्या प्रयोगांतही तोच निकाल दरवेळी आला नाही. चॅट बंद कर हा सल्ला तरीही बरोबरच आहे.

अर्धवट_नोट्स:
फोन दुसऱ्या खोलीत ठेवून फिल्टर न बघता काढला, ऑक्सिजनच्या रांगा जमल्या. पण पोटॅशियम एवढं घट्ट धरलं जातं तर ते आत अडकून का बसत नाही?

आयनवाला:
आता प्रश्न भारी विचारलास. फिल्टरमध्ये ओळीने चार जागा असतात आणि एकाहून जास्त आयन एकाच वेळी आत असतात, सगळे पॉझिटिव्ह, त्यामुळे मागून नवीन आला की ढकलाढकलीत पुढचा बाहेर. म्हणून तर सेकंदाला 10 कोटीपर्यंत आयन जाऊ शकतात. तुझ्या चित्रात ऑक्सिजन आहेत, आता आयन पण काढ.