मदत हवी आहे: मराठी बायबलबद्दलची कृतज्ञता कशी दाखवू?

जय ख्रिस्त मंडळी. आईच्या जुन्या बायबलमधलं स्तोत्र २३ मी रोज मोठ्याने वाचते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या ओळीवरची शाई तिच्या बोटाने पुसट झाली आहे. हे शब्द माझ्या मायबोलीत आहेत, केवढी ही कृपा! पंडिता रमाबाई त्यासाठी हिब्रू-ग्रीक शिकल्या, १९२२ मध्ये देवाघरी जाईपर्यंत भाषांतरात गढून राहिल्या. नुसतं ‘धन्यवाद, प्रभू’ म्हणून मन भरत नाही. एखादं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं जीवन सांगणारं बायबलमधलं पुस्तक, हाताने लिहून काढू, की नजर अधू झालेल्या कुणाला रोज वाचून दाखवू? मला दुसरं जास्त पटतं. पण सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करावी, आणि ऐकणारा थकू नये म्हणून एका बैठकीत किती वाचावं? कुणी केलं असेल तर जरूर सांगा.