लीडरशिप फक्त मॉनिटरपुरती नसते
कोणीतरी लिहिलंय की लीडरशिप मुळात अंगातच असावी लागते, शाळेतली सोशल वर्कर ती मुलांना काय शिकवणार. मला हे अजिबात पटत नाही. वर्गात जो मोठ्याने बोलतो त्यालाच मॉनिटर करतात, आणि घरी धाकट्या भावंडांचं सगळं बघणारी, शाळेत मात्र गप्प बसणारी मुलगी कोणाच्या डोळ्यासमोरच येत नाही. शाळेतल्या सोशल वर्करला घरची परिस्थिती माहीत असते म्हणून तिला ही मुलगी दिसते, आणि मग सोशल वर्कर आधी लहान ग्रुप घेते, सहा-आठ मुलं, प्रत्येक वेळी चर्चा वेगळ्याने चालवायची. दोघांचं भांडण झालं तर मुलांनीच मध्यस्थी करायची, दोघांचं पूर्ण ऐकून घ्यायचं, निकाल द्यायचा नाही, तोडगा त्या दोघांनीच काढायचा. हे ट्रेनिंगशिवाय जमत नाही हो!

आणि मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये, निर्णयांत मुलांचा खरा सहभाग किती हे दाखवणारी ८ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात खालच्या ३ पायऱ्या म्हणजे नुसता देखावा, मुलांना स्टेजवर उभं करायचं पण निर्णय मोठ्यांचाच. बऱ्याच स्टुडंट कौन्सिल तिथेच अडकतात. तिथे सोशल वर्करने मुलांच्या वतीने बोलू नये, मुख्याध्यापकांसमोर त्यांनाच मुद्दे मांडू द्यावेत, अडखळले तरी.