‘टेरेन थिअरी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आरोग्यविषयक एका लेखाचं भाषांतर तपासते आहे. विषय एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधला वाद. लुई पाश्चर यांचं म्हणणं, बाहेरून आलेल्या विशिष्ट सूक्ष्मजीवामुळे विशिष्ट रोग होतो. आंत्वान बेशाँ यांचं म्हणणं, आधी शरीर बिघडतं आणि त्या बिघाडातून शरीरातच जंतू तयार होतात. पहिल्या मताला इंग्रजीत ‘जर्म थिअरी’ म्हणतात, दुसऱ्याला ‘टेरेन थिअरी’. भाषांतरकाराने त्यांना ‘जंतू सिद्धांत’ आणि ‘भूभाग सिद्धांत’ असे शब्द योजलेत. ‘भूभाग’ वाचून मला नकाशाच दिसतो. दुसरं काय सुचतं?

प्रतिसाद

‘भूभाग’ काढाच. मूळ फ्रेंच शब्दाचा एक अर्थ जमीन आहे, पण तिथल्या वैद्यकात तो माणसाच्या मूळच्या शरीरस्थितीबद्दल वापरतात. आपण त्याला सरळ ‘प्रकृती’ म्हणतो. ‘तिची प्रकृती पहिल्यापासून नाजूक’, ‘मला दही प्रकृतीला मानवत नाही’. अडचण एवढीच की ‘प्रकृतिवाद’ म्हटलं की वाचक निसर्गवादाकडे जाईल.

प्रतिसाद

मग ‘क्षेत्र’ घ्या. क्षेत्र म्हणजे शेत, आणि शरीरसुद्धा. गीतेचा तेरावा अध्याय : ‘इदं शरीरं कौन्तेय क्षेत्रमित्यभिधीयते’. सुश्रुतसंहितेत गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशी चौकडी सांगितली आहे, तिथेही क्षेत्राचा अर्थ शरीराशीच जोडलेला आहे. ‘जर्म’चं लॅटिन मूळही अंकुर या अर्थाचं, त्यामुळे जोडी जुळते. नुसतं ‘क्षेत्रवाद’ प्रादेशिक अस्मितेसारखं वाटेल, म्हणून ‘देहक्षेत्र’.

प्रतिसाद

‘प्रतिकारशक्ती सिद्धांत’ का नको? लोकांना लगेच कळेल.

प्रतिसाद

कळेल, पण चुकीचं कळेल. प्रतिकार बाहेरून आलेल्याचा करायचा असतो. बेशाँ यांच्या मांडणीत बाहेरचा शत्रूच नाही. पेशींमधले ‘मायक्रोझायमा’ नावाचे सूक्ष्म कण शरीर बिघडलं की जंतूंचं रूप घेतात, असं ते मानत. असे कण कधी सिद्ध झाले नाहीत.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. माझी खरी तक्रार ‘भूभाग’पेक्षा ‘सिद्धांत’ या शब्दाबद्दल आहे. आपल्याकडे सिद्धांत म्हणजे तपासून सिद्ध झालेला निष्कर्ष. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. त्याआधी तो रोगट ऊतींमध्ये दाखवला, शरीराबाहेर वाढवला आणि प्राण्यांना टोचून पुन्हा क्षय निर्माण केला. हा सिद्धांत. बेशाँ यांचं मत असल्या कसोटीला उतरलं नाही. ताई, दोन्हींना एकच प्रत्यय लावलात तर वाचकाला वाटेल की दोन तुल्यबळ पक्ष आहेत, कोणताही निवडावा. लस नाकारणारे आज नेमकं हेच सांगतात. म्हणून एक ‘सिद्धांत’, दुसरा ‘वाद’.

‘भूभाग’ शब्दशः शोभेल असा एक माणूस मात्र होऊन गेला : म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीला जंतू पुरेसा नाही, त्या गावची जमीन आणि भूजल अनुकूल हवं, असा त्यांचा आग्रह. १८९२ मध्ये त्यांनी पटकीचे जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि किरकोळ जुलाबांवर निभावलं. त्याच वर्षी हँबर्गमध्ये पटकीने ८,००० हून जास्त माणसं मेली. शेजारी, लागूनच असलेलं आल्टोना त्याच एल्ब नदीचं पाणी वाळूतून गाळून पीत होतं. ते बरंचसं वाचलं. जमीन तीच, हवा तीच, फरक पाण्याचा. तेव्हा पेटेनकोफर यांच्यासाठी ‘भूमिवाद’ राखून ठेवा, बेशाँ यांच्याशी त्यांची गल्लत नको.

प्रतिसाद

सर, सगळं पटलं, पण मग प्रकृतीला काहीच अर्थ नाही का? एकाच घरात एकाला क्षय होतो, दुसऱ्याला होत नाही.

प्रतिसाद

अर्थ आहे, आणि फार मोठा आहे! जगातल्या सुमारे चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जंतूचा संसर्ग झालेला आहे. त्यांतल्या ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही यांनी धोका वाढतो. झारखंडमधल्या ‘रॅशन्स’ अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा आणि सूक्ष्मपोषकं दिली. त्या घरांत नवे क्षयरुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी निघाले. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण जंतूच नसेल तर कितीही उपाशी माणसाला क्षय होत नाही. आपल्या भाषेत ‘लागण होणं’ आणि ‘आजारी पडणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. भाषांतरात ती जपा, ‘लागण’च्या जागी सरसकट ‘आजार’ घालू नका.

प्रश्नकर्ती

आभार सगळ्यांचे. ‘रोगजंतू सिद्धांत’ आणि ‘देहक्षेत्रवाद’ हे घेते. पहिल्या उल्लेखाशीच बेशाँ यांचं मत टिकलं नाही, हे वाक्य भाषांतरकाराच्या टिपेत घालते, कारण मूळ लेखात ते कुठेच नाही. ‘लागण’ सात ठिकाणी ‘आजार’ झाली आहे, तीही आज दुरुस्त करते.